पाहिले चाळीस

इस्पितळात खाटेवरच्या मावशीच्या डाव्या हाताची तीन नखं कापून झाली होती. चौथ्याला ती नेलकटर लावायला गेली, तेवढ्यात मावशीने तिचं मनगटच धरलं.

"तुझी आई फोनवर बरी आहे म्हणाली ना, तर त्यावर जाऊ नकोस. उठायचं, जायचं आणि बघून यायचं."

"हो गं मावशी. हात हलवू नकोस, लागेल."

"नुसतं हो म्हणू नकोस."

"बरं, मग नाही म्हणते," असं म्हणून ती हसली आणि चौथं नख कापून मोकळी झाली. कातरलेली नखं कागदात गुंडाळताना तिच्या मनात आलं ते एवढंच, की म्हातारपणी माणसं एकच गोष्ट धरून बसतात आणि आपण ती दहादा ऐकायची असते.

"पोरगी कुठाय?" मावशीने विचारलं.

"मी इथेय!" खाटांमधल्या पडद्यामागून ठमी ओरडली. ठमी म्हणजे तिची पाच वर्षांची लेक.

"आवाज नको. समोर ये."

ठमी समोर आली, दात दाखवून उभी राहिली. मावशीने तिचा चेहरा एखादी वही तपासावी तसा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मगच डोळे मिटले. ही तिची जुनीच खोड. घरात चार माणसं जमली आणि मुलं आत खेळताहेत असं कुणी सांगितलं, की मावशी हातातलं ताट ठेवून खोली-खोली हिंडून यायची. भाचरं तिला पाठीमागे 'जनगणना' म्हणत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मावशी गेली. आणि दोन महिन्यांत शहरात हवाई हल्ल्याच्या भोंग्यांच्या चाचण्या सुरू झाल्या.

*

मावशीच्या वह्या तिच्याकडे आल्या त्या एका कापडी पिशवीतून. सात होत्या. खरं तर वह्या नव्हेतच; जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या पाठींवर मावशीने आधीच्या युद्धात रोजनिशी लिहिली होती. तेव्हा ती बावीस वर्षांची नवीन शिक्षिका होती आणि कागदाचा दुष्काळ होता. ज्या शाळेतून ती निवृत्त झाली, त्या शाळेला या रोजनिशीची टाइप केलेली प्रत हवी होती. "तू घरी टायपिंगची कामं करतेसच, शिवाय शिकलेली आहेस, तुला तिचं अक्षर लागेल," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. शिकलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

ठमीला शाळेत सोडून आल्यावर ती सकाळी बसे. खिडक्यांच्या काचांवर नवऱ्याने कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या होत्या, त्यामुळे पानांवर उन्हाच्याही फुल्या पडत. नवरा वीजकेंद्रात कामाला. त्याच्या सुट्या रद्द होऊन दहा दिवस झाले होते. तो आला की झोपायचा आणि उठला की जायचा.

मावशीची रोजनिशी वाचताना मात्र तिला हसू येई, आणि हसू आलं म्हणून घाबरायलाही होई.

'खडू संपले. चुन्याचे ढेकूळ वापरले. फळ्यावर ओरखडे उठले, मुलींना ते अक्षरांपेक्षा जास्त आवडले.'

'शाईत पाणी घातले. आता निबंध वाचायला खिडकीशी जावे लागते. फायदा एवढाच की चुका दिसत नाहीत.'

'शाळेवर गोळा पडल्याने आम्हाला दुसऱ्या शाळेत हलवले. ही तिसरी. येथे शेगडी आहे, कोळसा नाही. पहिल्या शाळेत कोळसा होता.'

'वर्गाची जमीन पुसलेली राहावी म्हणून बूट बाहेर फळीवर काढून ठेवायचे, असा येथला नियम. बहिणीला माझ्याच वर्गात घातले आहे, घरी तिला बघायला कोणी नाही. शाळेत ताई म्हणायचे नाही, बाई म्हणायचे, असे तिला बजावले. इतर मुलींना वाटू नये की हिला सवलत आहे.'

बहीण म्हणजे तिची आई. तेव्हा नऊ वर्षांची. हे वाचून ती टंकता टंकता थांबली. आई सख्ख्या बहिणीला जन्मभर 'बाई' म्हणत आली होती. 'बाई जेवल्या का', 'बाईंना विचारा'. घरात सगळ्यांना ते लाडाचं वाटे.

आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी, रेघ मारल्यासारखं, मावशी लिहायची: 'हजर ४१.' कुणी आजारी असेल तर चाळीस, एकोणचाळीस. चौथ्या वहीत तिने एक नवी गोष्ट लिहिली होती.

'नावे पुकारून हजेरी घेतली तर तळघराचे दार लावायला उशीर होतो. आजपासून नंबर. अंधारात प्रत्येकीने आपापला नंबर ओरडायचा. एक ते एक्केचाळीस, पाऊण मिनिटात. मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. सर्व वर्गांनी हीच पद्धत घ्यावी म्हणाले.'

त्या दिवशी 'हजर ४१'च्या खाली मावशीने दुहेरी रेघ मारली होती.

*

आई पुलापलीकडे राहायची, एकटी. बासष्ट वर्षांची. आठ दिवसांपूर्वी पलीकडे पहिला गोळा पडला आणि चौथ्या दिवशी पूल बंद झाला. रुग्णवाहिका, पाणीपुरवठ्याचे लोक आणि परिचारिका यांनाच परवाना. नवऱ्याने अर्ज केला होता.

"काय म्हणाले?"

"म्हातारं माणूस हे कारण धरत नाहीत. पाइप फुटला तर लगेच सोडतात."

"मग पाइप म्हणून लिही."

"सासूबाईंना पाइप म्हणू?" तो म्हणाला. दोघं जरा हसले. मग तो बूट न काढताच आडवा झाला.

पूल बंद व्हायच्या आधी तिने आईला इकडे ये म्हणून दहादा विनवलं होतं. "तुमच्या दोन खोल्यांत मी कुठे मावणार? मला काही नको. मी बरी आहे." आईचं हे नेहमीचंच. आईने कधी कुणाला पाण्याचा पेलासुद्धा आणायला सांगितला नाही. ताप असला तरी उठून स्वतः घ्यायची. कुणी आणून दिला तर रागवायची. आणखी एक विचित्र सवय होती: तिचे बूट कधी दाराशी नसत. झोपतानासुद्धा पलंगावर, पायथ्याशी, कागदावर ठेवलेले. लहान असताना ती स्वतः मैत्रिणींना घरी आणायला लाजायची ती आईच्या या बुटांमुळे.

रोज सकाळी सात वाजता ती आईला फोन करायची.

"बरी आहे. तुमचं चाललंय ना?"

"मागे वारा कसला वाजतोय, आई?"

"खिडकी उघडी टाकलीय. कोंदट होतं."

बाहेर नळाचं पाणी गोठत होतं. "या थंडीत?"

"अगं, मला उकडतं. तू ठमीचं बघ."

तिने फोन ठेवला. काय चुकतंय ते तिला सांगता येईना. आवाज तर खणखणीत होता.

*

त्या दुपारी ठमीच्या शाळेत तळघरात उतरण्याची तालीम होती. ती वेळेआधीच फाटकाशी जाऊन उभी राहिली. बाई मुलांना दोन-दोनच्या रांगेत बाहेर घेऊन आल्या. प्रत्येकाच्या गळ्यात पिवळी पट्टी, पट्टीवर आकडा.

"तुम्ही मोजता कसं?" तिने बाईंना विचारलं.

"पट्ट्या मोजतो. सोपं पडतं."

"आणि चेहरे?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "अहो, चेहरे काय पळून जातायत? पट्टी आहे म्हणजे पोर आहे."

"पट्टी काढून दुसऱ्याला देता येते."

"काल एक आई येऊन तळघराच्या भिंतीची जाडी विचारून गेली. परवा एकीने मला पोहता येतं का विचारलं. तुमच्यासारख्या आणखी दोघी आल्या ना, तर तालीम नसली तरी मीच खाली जाऊन बसेन." मग त्या जरा नरमल्या. "बघते हो. चेहरेही बघते."

ठमीने घरी येताना विचारलं, "आई, तू बाईंना का ओरडलीस?"

"ओरडले नाही. विचारलं."

"तुझा हात लागतोय मला."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिने ठमीचं मनगट धरलं होतं, बोटं नव्हे. मावशी धरायची तसं.

*

दुसऱ्या दिवशी टंकताना तिला तो फरक दिसला. पाचव्या वहीत एका तारखेला फक्त एक ओळ होती: 'भोंगा. तळघर. दोन तास. सुटी दिली.' हजेरीचा आकडा नाही. आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या वहीपर्यंत 'हजर' हा शब्दच नव्हता. त्या जागी रोज: 'पाहिले ४०.' 'पाहिले ४०.' 'पाहिले ३८.'

तिने ती पानं मागे-पुढे चाळली. खडू, शेगडी, फाटलेले नकाशे, उवा. मुख्याध्यापकांशी वाद: 'हजेरीला वेळ लागतो म्हणून बोलणी बसली. लागू दे म्हणाले मी.' कारण कुठेच नाही. मग तिने वही उलटी केली. शेवटच्या पानावर, उलट्या बाजूने, बारीक अक्षरात, अकरा दिवसांनंतरच्या तारखेने लिहिलेलं होतं.

'त्या दिवशी सतरा ऐकताच मला कळले. सतरा बारीक बोलते, नाकातून. तो आवाज अठराचा होता. अठरा म्हणजे माझी बहीण. तिचा आवाज मी पाळण्यापासून ओळखते. मला वाटले, सतरा भीतीने गप्प झाली असेल म्हणून ही तिच्या वतीने बोलली. असे वाटले, असे मी लिहिते आहे. खरे म्हणजे मला दार लावायचे होते. विमान अगदी डोक्यावर होते. मी मोजत पुढे गेले. एक्केचाळीसला दार लावले.

'सतरा जिन्यात सापडली. उराशी दोन जोड बूट होते. एक तिचा. दुसऱ्याला मीच आदल्या आठवड्यात नवी नाडी घातली होती.

'रागावतील, भिंतीकडे तोंड करून उभे करतील, म्हणून बहिणीने मैत्रिणीची हजेरी लावली असणार. वर्गात मुली नेहमीच असे करतात. मीही केले आहे.

'मी बहिणीला काही विचारले नाही. तिने सांगितले नाही. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती मला बाई म्हणाली. अगं, हे घर आहे, म्हटले. गप्प राहिली. आज अकरा दिवस झाले. अजून बाईच म्हणते.

'आता आवाजावर विश्वास ठेवणार नाही. तिच्या तर मुळीच नाही.'

शेगडीवर चहाचं आधण आटून भांडं तडतडायला लागलं तेव्हा ती उठली. भांडं उतरवलं. पुन्हा येऊन ते शेवटचं वाक्य वाचलं. इस्पितळातली ती दुपार, चौथं नख, मनगटावरची पकड. तिने केलेली थट्टा.

*

सकाळी सातला तिने फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"बरी आहे," आईने तिच्या आधीच सांगून टाकलं.

ठरवून ठेवलेलं सगळं ती विसरली. "आई, सतरा नंबर कोण होती?"

वारा तेवढा ऐकू येत होता. कुठेतरी काहीतरी कापडासारखं फडफडत होतं.

"बाईंनी लिहून ठेवलंय वाटतं," आई म्हणाली.

"हो."

"सगळं?"

"हो."

"मी तिला आण म्हटलं नव्हतं गं." आईचा आवाज एकदम लहान झाला. "पाय गारठले, एवढंच म्हटलं. खाली उतरताना. आत्ता आले म्हणाली. आण असं मी म्हटलंच नव्हतं."

"आई, तू नऊ वर्षांची होतीस."

"तीही नऊचीच."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. परवा काय चुकत होतं, ते आता तिला कळलं. आई फोनवर बोलताना कधी एका जागी थांबायची नाही. या खोलीतून त्या खोलीत, लाकडी जमीन कुरकुरत राहायची. परवा ती कुरकुर नव्हती. आजही नव्हती. आणि आवाज खालून येत होता, जमिनीलगत ठेवलेल्या भांड्यातून यावा तसा.

"खिडकी फुटलीय ना, आई?"

"तू येऊ नकोस."

"मी काय विचारतेय—"

"ठमीला टाकून तर मुळीच यायचं नाही. शपथ आहे. कुणी यायचं नाही माझ्यासाठी. मला काही नको."

"बरं. नाही येत. फक्त चार पावलं टाक. मला ऐकू दे."

कुरकुर ऐकू आली नाही.

"चालले असते," आई म्हणाली. "बूट कुठे पडलेत कोण जाणे. दिसत नाहीत." आणि मग लगेच, खणखणीत, वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसं: "मी बरी आहे. ऐकलंस ना? बरी आहे."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

*

त्या दिवशी ठमीची शाळा बंद होती. तिने ठमीला दोन स्वेटर चढवले आणि तिला घेऊनच ती पुलापर्यंत गेली. अडथळ्यापाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता; ठमीच्या सुटलेल्या नाडीकडे त्याने दोनदा बोट दाखवलं.

"लेकरू घेऊन पलीकडे? ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग हिला तुमच्यापाशी ठेवून जाते."

"हे काय पाळणाघर आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईशी बोलणं झालं म्हणता ना सकाळी?"

"झालं."

"काय म्हणाली?"

तिने ठमीचा वरचा स्वेटर खाली ओढला.

"अहो सांगा ना, काय म्हणाली?"

"बरी आहे म्हणाली."

"मग झालं तर!" तो मनापासून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. पलीकडे, नदीच्या वर, धुराचा एक पट्टा आडवा पसरला होता. ठमीने खाली बसून आपल्या बुटाची नाडी बांधायला घेतली, पण तिला अजून गाठ येत नव्हती. तिने वाकून ती बांधली. दोनदा बांधली.

एक रुग्णवाहिका अडथळ्याशी येऊन थांबली. चालकाने काच खाली केली, परवाना दाखवला, गेला. मागून पाणीपुरवठ्याची गाडी. तीही गेली. एक परिचारिका पायी आली, पिशवी उघडून दाखवली आणि गेली. जाणारी माणसं जात होती. त्यांना फक्त कुठे थांबायचं ते माहीत नव्हतं.

घरी येऊन तिने मावशीची वही बाजूला सारली आणि कोरा कागद लावला. दुपार होईपर्यंत तिने तो चार वेळा टाइप केला. पहिल्या तीन वेळा फार लांबला, त्यात माफी होती, विनंत्या होत्या, आईचा स्वभाव होता. चौथा तसा नव्हता. त्याच्या निघतील तेवढ्या प्रती काढल्या आणि ठमीला पुन्हा दोन स्वेटर चढवले.

'पुलापलीकडे जाणाऱ्या आणि हे वाचणाऱ्या कोणालाही,

'पुलावरून उतरल्यावर डावीकडची तिसरी गल्ली. दगडी जिन्याची इमारत, दुसरा मजला, हिरवे दार. घंटी चालत नाही, हाताने वाजवा. आत माझी आई एकटी आहे. वय बासष्ट.

'तुम्ही विचारण्याआधीच ती आतून सांगेल की मी बरी आहे. आवाज खणखणीत असेल. तुम्हाला पटेल. कृपा करून तेवढ्यावर परतू नका. ती तुम्हाला आत बोलावणार नाही, काही आणायला सांगणार नाही, आपल्यासाठी कोणी थांबलेले तिला चालत नाही. दार उघडले नाही तर तोडा. ती रागावेल, रागावू द्या.

'आत गेल्यावर तिचे बूट शोधून तिच्या पायात घाला. मग तिच्यासमोर बसून तिचा चेहरा नीट बघा.

'खाली माझा फोन नंबर आहे. मला ती बरी आहे असे सांगू नका. काय पाहिले, तेवढे सांगा.'